कुशीतली नाकं

विहिरीकडचं हापूसचं कलम भिरुडाच्या अळ्यांनी पोखरलं होतं. खोडातून भुसा गळायचा, कान लावला तर आत करकर ऐकू यायची. मालनने ते लग्नाच्या वर्षी लावलेलं. नवरा मुंबईला गेला तो गेला, कलमाने मात्र सोबत सोडली नाही.

धाकटा दीर दाजी पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा वरच्या मोठ्या भोकात कोंबून कोंबून थकला होता.

"वयनी, सोमवारी करवतवाला येतोय. ह्या एकापायी सगळी बाग जायची."

बोलता बोलता त्याने तार घालून एक अळी ओढून काढली. बोटाएवढी, पांढरीफटक. तिचं डोकं पाण्याच्या तांब्यात बुडवून धरलं.

"मर मेले!"

चहा निवला, दाजीचा हात भरून आला, अळी आपली वळवळतेच आहे.

"भावजी, इकडे द्या बघू."

मालनने चष्मा पुसला. अळीच्या दोन्ही कुशींवर तपकिरी ठिपक्यांची रांग होती, मशीनवर टीप मारल्यासारखी. तिने अळी उलटी धरली. डोकं बाहेर, अंग पाण्यात. हळूहळू ती ढिली पडली.

"अगो बाय माझे!" मालन हरखलीच. "ही तोंडाने श्वास घेतच नाही! कुशीला नाकं आहेत. वारा थेट आत. छाती फुगवायला नको नि धापा टाकायला नकोत."

"तिला मारताय की तिची दृष्ट काढताय?"

"दोन्ही. पोरींच्या डोक्यातल्या उवा पाण्याने मरतात का कधी? खोबरेल थापतो, तेव्हा मरतात. तेलाने ही नाकं बुजत असणार. आणि तुम्ही बोळा घातलात वरच्या भोकात, खालची भोकं सताड उघडी! पेट्रोलचा वास गेला उडून, बाई आत मजेत."

"मला वाटलं, तोंड वर असेल," दाजी पुटपुटला.

मग दोघांनी नवा बोळा घालून एकूण एक भोक शेणमातीने लिंपलं. आत कुणी जिवंत राहिली तर लिंपण फोडून भुसा टाकेलच, म्हणून बुंध्याशी मालनने आपलं जुनं पातळ अंथरलं.

सोमवारी करवतवाला आला तेव्हा दाजी ते पातळ झटकत होता. भुशाचा कण नव्हता.

"चहा घे नि जा बाबा," तो म्हणाला.

मालन खोडाला कान लावून उभी होती. आत सगळं गप्प. तिने मोठा श्वास सोडला, आपल्या एकुलत्या एका नाकाने, आणि आतल्या बाईची आठवण होऊन जराशी ओशाळलीच.