आपट्यांचा झेल

"कमरेवरून की कानावरून?" आपट्यांनी विचारलं.

"कुठूनही टाका हो," साहेब म्हणाले, "पण जरा हसून टाका. फोन सोडताना तुम्ही असा चेहरा करता, की आता त्याच्या घरच्यांना कळवायला निघालात!"

आपट्यांनी हसल्यासारखं केलं आणि बोटं उघडली. फोन फरशीवर पडला, एकदा उसळला, कुशीवर वळला आणि निपचित झाला. साहेबांनी गुडघे टेकून तो उचलला, उलटासुलटा केला आणि ओरडले, "काच शाबूत! आपटे, कंपनी वाचली!"

कंपनी वाचल्याचं आपट्यांनी याच कोपऱ्यात, याच फरशीवर, आधीच्या चार साहेबांकडूनही ऐकलं होतं. त्यांनी फोन फडक्यानं पुसला आणि पुढच्या पडण्यासाठी तयार ठेवला.

आपटे हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांना त्यांचं स्वतःचं आडनाव होतं आणि ते चांगलंही होतं. पण फोन आपटून बघायच्या कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ते गळून पडलं. पुढे पगाराच्या कागदावरही 'आपटे' उमटलं. ते दुरुस्त करायला गेले तेव्हा कारकुनानं विचारलं, "मग आपट्यांचा पगार कुणाला देऊ?" त्यांनी आपट्यांचा पगार घेतला आणि ते आपटेच राहिले. शेजारी त्यांच्या बायकोला आपटेवहिनी म्हणू लागले. एकदा तर एका खऱ्या आपट्यांनी त्यांना गाठून आपलं नातं कुठून लागतं याचा शोध घेतला होता, आणि ते लागलंही होतं.

माणसं जितक्या तऱ्हांनी फोन पाडतात तितक्या तऱ्हांनी आपटे तो पाडून दाखवत. वाकताना वरच्या खिशातून, भांडताना कानापासून, नवा घेतल्याची बढाई मारताना दोन बोटांतून. मग कुठे चीर गेली ते वरच्या मजल्यावर कळवत. पूर्वी वर कंपनीचे मजले पुष्कळ होते. एके काळी बसमध्ये कंपनीची धून वाजली, की अख्खी बस खिसे चाचपायची. आता वाजली की अख्खी बस आपट्यांकडे बघायची. दोन बड्या कंपन्या बाजारात उतरल्या आणि बघता बघता यांचा भाव पडला, खप पडला, शेअर पडला, आणि सगळंच आपोआप पडत असलेल्या त्या कंपनीत पाडण्याचा पगार घेणारा माणूस एकटा उरला. तळमजला त्या दोघींपैकीच एकीला दुकानासाठी दिला होता. त्याचं भाडं हा आता कंपनीचा सगळ्यात खात्रीचा धंदा होता.

"उद्या सगळे विक्रेते येणार," साहेब म्हणाले. "त्यांच्यासमोर तुम्ही हा फोन पाडायचा. पडू, पण फुटणार नाही! कसं वाटतं?"

"फोनबद्दल म्हणताय की आपल्याबद्दल?"

"दोन्ही. हे बघा, बाकीच्यांचं सोडा. त्यांच्यातले सगळ्यात मोठे ते शेठ. ते हो म्हणाले तर त्यांच्या सगळ्या दुकानांत आपला फोन लागेल आणि कारखाना चालू राहील. नाही म्हणाले तर..." साहेबांनी हातातलं पेन सोडून दिलं.

आपट्यांनी ते शेवटपर्यंत पडताना पाहिलं. "टोकावर पडलं," ते म्हणाले. "आता लिहिणार नाही."

घरी वेगळंच प्रकरण होतं. मुलगी दोन महिन्यांचं बाळ घेऊन राहायला आली होती. आपट्यांनी नात डावीकडून पाहिली होती, उजवीकडून पाहिली होती, झोपलेली, जागी, रडताना, दूध पिऊन झाल्यावर. फक्त हातात घेतली नव्हती.

"आण गं इकडे जरा," ते त्या संध्याकाळीही म्हणाले.

"आधी बसा, बाबा. मागे टेका. मांडीवर उशी घ्या. नाही, ती नाही, मोठी." एवढं होईपर्यंत बाळाला झोप आली. "जाऊ दे, आता उद्या."

"अगं, मी काय पाडणार आहे का तिला?"

"तसं नाही हो बाबा. पण तुमचा हात... सरावाचा आहे ना."

"आयुष्यात या घरात एक कपबशी फुटलीय माझ्या हातून?"

"अहो, फुटेल कशी?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी देते कधी हातात?"

हेही खरं होतं. आपट्यांचा चहा लग्नानंतर लवकरच स्टीलच्या पेल्यात गेला होता आणि तिथेच राहिला होता. काचेची बरणी काढायची असली तरी बायको शेजाऱ्यांना हाक मारी. मुलीनं आणि जावयानं फोन दुसऱ्या कंपनीचे घेतले तेव्हा आपट्यांना वाईट वाटू नये म्हणून दोघं ते पालथे ठेवत. आपट्यांना त्याचं विशेष वाटलं नव्हतं. उशीचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. आपट्यांना नवा शर्ट दिला होता आणि कॉलरला माइक लावला होता. त्यांनी फोन कमरेवरून पाडला. फुटला नाही. कानावरून पाडला. फुटला नाही. टाळ्या पडल्या, पण अगदी हात राखून पडल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शेठ उठले.

"साहेब, तुमचा फोन तुमच्याच माणसानं पाडला, त्यात काय मोठंसं?" ते म्हणाले. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. तळमजल्यावरच्या दुकानातला, सगळ्यात महाग. "हा घ्या. दोन्ही एकदम पाडा. बघू तरी कोणाची काच टिकते."

साहेबांचे डोळे असे लकाकले, की पुढच्या काही रांगांना दिवे कमी करावेसे वाटले. प्रतिस्पर्ध्याची काच, भर सभेत, आणि तीही मालकाच्या परवानगीनं! "आपटे," ते कुजबुजले, "कानावरून."

आपट्यांनी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक असे दोन्ही फोन कानाशी नेले. कंपनीचा फोन नेहमीसारखा होता. शेठचा मात्र गरम होता. आपट्यांनी आजवर पाडलेले सगळे फोन गार होते. पेटीतून आलेले, कोरे, आत ना कुणाचा नंबर ना फोटो. खिशातून आलेला फोन त्यांच्या हातात पहिल्यांदाच पडत होता.

"एक, दोन," साहेब म्हणाले, "तीन!"

बोटं उघडली. आणि त्याच क्षणी शेठचा फोन उजळला. खाली जाता जाता आपट्यांना त्यावर अक्षरं दिसली. 'आई.'

पुढे काय झालं ते आपट्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कंपनीचा फोन रीतसर फरशीवर आपटला. आपटेही आपटले, आडवेतिडवे, कोपरापासून टाचेपर्यंत. पण त्यांचा उजवा हात फरशीपासून चार बोटं वर होता आणि हातात फोन होता. झेलताना अंगठा नको तिथे लागून फोन स्पीकरवर उचलला गेला, आणि कॉलरच्या माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू आलं:

"हॅलो? अरे, कुठे आहेस? जेवलास का?"

"नाही, ते... इथेच आहेत," आपटे पडल्या पडल्या म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"आपटे."

"हां. आपटे, त्याला म्हणावं गोळी घे. नुसती खिशात घेऊन फिरतो."

सभागृह हशानं फुटलं. काच नाही, सभागृह. शेठनं लाल होत व्यासपीठावर येऊन दोन्ही हातांनी फोन घेतला. "हो गं आई. घेतो गं. अगं, लोक आहेत इथे."

कंपनीचा फोन पायांत पडून होता. साहेबांनी उचलून पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी तो डोक्यावर नाचवला, पण बघायला कुणी मोकळं नव्हतं. सगळे आपट्यांचं पडणं मोबाइलवर टिपलेलं एकमेकांना दाखवत होते. ते सगळे मोबाइल अर्थात त्या दोन बड्या कंपन्यांचे होते आणि चित्र इतकं स्वच्छ आलं होतं, की दोन विक्रेत्यांनी तिथल्या तिथे आपसांत त्या कॅमेऱ्याची तारीफ केली.

"विचार करतो," शेठ जाताना म्हणाले. "संध्याकाळी कळवतो."

"आपटे," हॉल रिकामा झाल्यावर साहेब खुर्चीत कोसळत म्हणाले, "एकच काम होतं हो. पाडायचं."

"हो साहेब."

"तेच तर तुम्ही करत आलात आजवर!"

"हो साहेब. पण आज आत कुणीतरी होतं."

साहेबांनी कंपनीचा फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "घरी जा. कमरेला शेका. काय ते फोन करून सांगतो."

आपटे लंगडत घरी पोचायच्या आधीच त्यांचं पडणं मोबाइलवरून घरी पोचलं होतं. बायको मलमाची बाटली घेऊन दारात उभी होती.

"लागलं का हो फार?"

"कंपनीला की मला?"

"माझ्या हातात बाटली एकच आहे," बायको म्हणाली, आणि बाटली तिनं त्यांच्या हातात दिली. काचेची. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. आपट्यांनी ती टेबलावर ठेवली.

मुलगी खाटेवर बसली होती. तिचा फोन आज पालथा नव्हता. त्यात आपटे हवेत अडकून राहिले होते, एक हात पुढे काढून. ती उठली, बाळाला घेऊन त्यांच्यासमोर आली.

"धरा, बाबा."

"थांब, बसतो. ती मोठी उशी..."

"उभेच राहा."

आणि तिनं बाळ त्यांच्या हातांत दिलं. आपटे कपाटासारखे उभे राहिले. बाळ गरम होतं. त्यांनी सवयीनं खाली फरशी पाहिली, अंतर पाहिलं, आणि कोपर अंगाशी घट्ट घेतले.

वरच्या खिशात धून वाजायला लागली.

"अहो, साहेबांचा असेल," बायको म्हणाली.

"असेल."

"शेठचं काय झालं ते सांगायला."

"हो."

"मी घेऊ का हिला?" मुलीनं विचारलं.

"नको."

बाळानं डोळे उघडले. बघावं म्हणून आपटे थोडे वाकले, आणि थरथरत कडेला आलेला फोन खिशातून निसटला. छातीच्या उंचीवरून, कोपऱ्यावर, थेट फरशीवर. आपट्यांचे हात जागचे हलले नाहीत. बाळ ती जुनी धून कान देऊन ऐकत होतं.

"फुटला का?" आपट्यांनी खाली न बघता विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "वाजतोय."