रंगाचा दुसरा हात

तळ्याकाठचा नौकाविहाराचा क्लब बंद पडला, तेव्हा चष्मेवाल्याने तिथली एक जुनी लाकडी होडी उचलून आणली. गाडी रस्त्यावर गेली आणि गॅरेजात दोन लाकडी घोड्यांवर होडी पालथी पडली.

"घासायची, रंगवायची, झालं," तो बायकोला म्हणाला. "दोन-चार व्हिडिओ बघितलेत मी."

बायकोने होडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि बॅग भरायला घेतली. तिचं परगावचं प्रशिक्षण आधीच ठरलेलं होतं, पण दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, होडी बघून बायको पळाली.

ती गेली आणि तिची आई राहायला आली, कारण त्यांच्याकडे न्हाणीघराच्या फरशा उखडल्या होत्या. सासूबाई ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या, आता निवृत्त. हात नीट न धुतल्याबद्दल भल्याभल्या सर्जनना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. जावयापुढे मात्र "अहो, चहा ठेवू ना?" याच्या पुढे त्यांची मजल जात नसे. तोही "ठेवा ना, आई" म्हणून पेपरात तोंड खुपसायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचं बोलणं चहाच्या कपाएवढंच.

पहिल्या रविवारी त्याने भाड्याने आणलेलं घासायचं मशीन चालू केलं. जुना रंग पिठासारखा उडाला. दुपारी तो शिंकत आत आला तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा झाला होता. सासूबाई उठल्या, बॅगेतून मास्क काढला आणि न विचारता त्याच्या कानामागे अडकवला.

"नाक उघडं ठेवून हे काम करता? आणि दार लावून? अहो, फुप्फुसं काय दुकानात मिळतात?"

त्या दिवसापासून गॅरेजचा ताबा त्यांच्याकडे गेला. दार सताड उघडं, जमिनीवर पाण्याचा शिपका, फडकी वेगवेगळ्या बादल्यांत. जाड पॉलिश पेपर झाला की पुसायचं, मग बारीक पेपर, मग परत पुसायचं. चष्मेवाला डोळे मिटून फळीवरून बोटं फिरवायचा. उंचवटा डोळ्यांना दिसायच्या आधी त्याच्या बोटांना लागायचा. काचा घासण्यात गेलेली बोटं होती ती.

"इथे अजून आहे," तो म्हणायचा, आणि असायचाच.

होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या एका फळीवर मात्र त्याची बोटं थबकली. तिथे लाकूड मऊ लागत होतं. सासूबाईंनी विणायची सुई टोचून पाहिली. सुई केळ्यात जावी तशी आत गेली.

"पुट्टी भरू. वरून रंग लागला की कुणाला दिसतंय?" तो म्हणाला.

"आत पू ठेवून टाके घालायचे नसतात," त्या म्हणाल्या. "चांगलं लाकूड लागेपर्यंत काढायचं."

त्याने पटाशी घेतली. तळहाताएवढं आरपार भोक पडलं, आणि आतून टणक, कोरडी कड निघाली. भोक बघून कुणाचाही धीर सुटला असता, पण चष्मेवाल्याला उलट हुरूप आला. फ्रेमच्या मापाची काच बसवणं हा तर त्याचा रोजचा धंदा. त्याने भोकावर कागद ठेवून आकार घेतला, त्याबरहुकूम तुकडा कापला आणि कानशीने कड घासत बसला. बसवून बघ, काढ, घास. अखेर तुकडा कुरकुरत जागेवर बसला. आता दोन नळ्यांतला गोंद कालवून तो चिकटवायचा होता. तो दाबत होता, सासूबाई आतून हात लावून होत्या, आणि तुकडा हळूच सरकला.

"अरे थांब! सोडू नकोस, सोडू नकोस."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "माफ करा हं, तोंडून अरे-तुरे निघून गेलं."

"चालेल हो. आत्ता हात काढू नका फक्त."

गोंद सुकेपर्यंत दोघं दोन बाजूंनी होडीला धरून उभे राहिले. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एकमेकांशी बोलले. काय बोलले ते त्यांनाही नंतर नीट आठवेना, पण हात दुखायला लागल्याचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

रंग सासूबाईंनी निवडला. दुकानदाराने हिरवा पुढे केला तर म्हणाल्या, "जन्म गेला हिरव्या कपड्यांत. तो गाजरासारखा दाखवा." प्रायमर सुकला, रंगाचा पहिला हात झकास बसला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दुकानात असताना त्यांनी बोट लावून पाहिलं, कोरडं वाटलं, आणि एकटीनेच दुसरा हात मारून टाकला. संध्याकाळी तो येऊन बघतो तर रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. ब्रश अजून हातात होता.

"डब्यावर थांबायला लिहिलं होतं. मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मला कळतं."

"वरून वाळला होता, आतून ओला होता," तो म्हणाला. "चूक तुमची, दुरुस्ती माझी. उद्या घासून काढू. घासण्यात तर आता आपला हात कुणी धरणार नाही."

त्या हसल्या. "घास मग. पण मास्क लावून."

बायको परतली त्या दिवशी गॅरेजातून आईचा आवाज आला, "अरे वेड्या, एकाच दिशेने फिरव ना ब्रश." ती बॅगेसकट धावत आत गेली. तिला वाटलं, जुंपली. आत दोघं केशरी बोटांनी चहा पीत होती.

पुढच्या रविवारी होडी तळ्यात उतरली. तिघांचेही डोळे नव्या तुकड्यावर खिळले होते. तो ठणठणीत कोरडा राहिला. पाणी आलं ते मागच्या दोन सांध्यांतून.

"काही नाही होत," चष्मेवाला म्हणाला. "लाकूड सुकलंय. फुगलं की सांधे मिटतील."

"व्हिडिओत बघितलं?" बायकोने विचारलं.

"हो, आणि माझंही तेच मत आहे."

होडी काठाला बांधून ठेवली. दिवस कलला तोवर सांधे मिटले होते. त्यांनी साचलेलं पाणी उपसलं आणि सासूबाई सगळ्यांच्या आधी आत जाऊन वल्ह्यांपाशी बसल्या. होडी आधी गोल फिरली, मग उलट्या बाजूने गोल फिरली.

"आई, दोन्ही हात सारखे चालवा."

"तू गप्प बस रे. कळतंय मला."

थोड्या वेळाने खरंच कळलं. होडी सरळ निघाली.