धोंडाबाईचं तीर्थ

पासलीत भाताची मळणी सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात कुसळ जायचंच, आणि ते जिभेच्या शेंड्यानं अलगद काढायची कला एकट्या धोंडाबाईकडं होती. या जिभेला एरवी अख्खी आळी भ्यायची. म्हातारी म्हणायची, गुण देवीचा आहे.

सत्तर सालच्या सुगीत म्हातारीच्याच पापण्या सुजल्या. सकाळी इतक्या चिकटलेल्या असायच्या की पाण्यानं सोडवाव्या लागायच्या. दहा जणांचे डोळे चाटल्यावर दुसरं काय होणार? पण गावाला कळलं तर अब्रू जाणार, म्हणून भोरची बहीण आजारी असल्याचं सांगून ती वेल्ह्यापर्यंत चालत आणि पुढं एस्टीनं भोरला डॉक्टरकडं गेली. डॉक्टरांनी एक चिमुकली बाटली दिली. सूज उतरवणारं आणि जंतू मारणारं, अशी दोन औषधं एकात आहेत. सात दिवस घाला, मग बंद, आणि दुसऱ्याला देऊ नका, असं दोनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी डोळे लख्ख झाले. एवढं गुणी औषध बंद करायचं म्हणजे दुभती म्हैस बाजारात नेण्यासारखं, असं धोंडाबाईला वाटलं. तिनं बाटलीवरचा कागद सोलला, बाटली देवीपुढं ठेवली आणि देवीनं तीर्थ दिल्याचं गावात सांगितलं. बाटली संपली की भोरची बहीण पुन्हा आजारी पडायची. तिथला एक दुकानदार चिठ्ठी न मागता औषध द्यायचा.

तीर्थाचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे तिचा भाचा कुंडलिक, दर मंगळवारी त्यापुढं नारळ फोडणारा. पोरका, तिनंच वाढवलेला, आता चांगला बाप्या झालेला. त्याच्याही पापण्या सारख्या सुजायच्या, म्हणून चार महिने ती रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालत राहिली. शिमग्याला त्याला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. देवी दर्शन देतेय म्हणून गडी खूश. पण पुढं दावणीचा बैलच धूसर झाला, तेव्हा धोंडाबाईनं बाटली कमरेच्या चंचीत घातली.

ती त्याला घेऊन भोरला गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला दाब वाढलाय. डोळ्यात कुठलं औषध घालत होतास, असं त्यांनी विचारलं.

"औशद न्हाई. देवीचं तीर्थ," कुंडलिक छाती फुगवून म्हणाला.

औषध नाही, असं डॉक्टर कागदावर लिहायला लागले. मागच्या बाकावर पासलीचीच सखूबाई गुडघा चोळत, कान टवकारून बसली होती. सखूबाईला कळलं म्हणजे एस्टी वेल्ह्याला पोचायच्या आत गावाला कळलं. धोंडाबाईनं कुंडलिकाच्या डोळ्यांकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघून हसत होता, त्याला वाटत होतं आत्या तिथं उभी आहे. तिला रडू फुटलं. तिनं कमरेची चंची सोडली आणि बाटली टेबलावर ठेवली.

"देवीचं न्हाई, डाक्टर. तुमचंच हाय ते."

मग डॉक्टर जे काही बोलले ते तिनं जन्मात पहिल्यांदा उलट उत्तर न देता ऐकून घेतलं. सूज उतरवणारं औषध महिनोन्महिने घातल्यानंच दाब वाढला होता. थेंब आजपासून बंद, दाब उतरवायला वेगळं औषध. आहे ती नजर बहुतेक वाचेल, आणखी उशीर केला असता तर नसती वाचली.

स्टँडवर एस्टी लागली, तेव्हा कुंडलिकानं विचारलं.

"आत्ये, मंग दर मंगळवारचा नारळ म्या कुणाला फोडला?"

"म्या खाल्ला," धोंडाबाई म्हणाली, आणि एस्टीची पायरी त्याला नीट दिसत नव्हती म्हणून त्याचा पाय हातानं उचलून तिच्यावर ठेवला.