खुनी ओळखू न येणारा आवाज

अंध श्रोत्यांसाठी कादंबऱ्या ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या संस्थेत ताई अकरा वर्षं वाचत होती. काचेची एवढीशी खोली, भिंतींना स्पंज, आणि पाण्याचा पेला ठेवताना वाजू नये म्हणून टेबलावर चौपदरी फडकं. त्या खोलीत बसून तिने किती राजे सिंहासनावर बसवले, किती प्रेमिकांची ताटातूट केली, याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. आणि आज ती खोली हातची जायची वेळ आली होती.

"ताई, तीन तक्रारी आल्यात," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. त्या मनाने चांगल्या होत्या, त्यामुळे बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "गेले आठ महिने तुमचा आवाज... म्हणजे सूचनाफलक वाचल्यासारखा येतो. एक श्रोते आज स्वतः येतायत. त्यांचं ऐकू आणि मग काय ते ठरवू."

"बरं," ताई म्हणाली.

इथून काढलं तर सकाळी उठून जायला दुसरी जागा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घाबरायला हवं होतं, हेही कळत होतं. पण ती भीती जणू शेजारच्या घरात कुणीतरी बोलावं तशी भिंतीपलीकडून येत होती. आवाज कळत होता, शब्द लागत नव्हते.

श्रोते म्हणजे रेडिओकाका. जन्मापासून दिसत नाही, पण उभी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. कुठली तार सैल झालीय ते खरखरीवरून सांगायचे. काठी टेकत आले, खुर्ची चाचपून बसले आणि चहा नको म्हणाले.

"सरळ बोलू का?"

"बोला ना."

"ताई, प्रेमाच्या कादंबऱ्या तुम्हाला कधीच आवडल्या नाहीत. नायिका रुसली की तुम्ही घाईघाईने वाचायचात. 'उरक गं बाई' असं लिहिलेलं नसायचं, पण मला ऐकू यायचं. ऐतिहासिक म्हणाल, तर राजा आला की तुमचा गळा फुगायचा. सगळ्या राजांना एकाच वेळी पडसं झालं होतं की काय, कोण जाणे! भुताच्या गोष्टीत घाबरायचात मात्र मनापासून. ते मला आवडायचं."

व्यवस्थापक बाईंनी हसू दाबलं. ताई ऐकत होती. ही मतं एके काळी तिची होती, हे तिला आठवलं. जुन्या घराचा पत्ता आठवावा तसं.

"आणि रहस्यकथा," काका पुढे सरकले. "अकरा वर्षांत एकदाही फसलो नाही मी. खुनी खोलीत आला की तुमचा आवाज गोड व्हायचा. त्याच्यावर संशय येऊ नये म्हणून तुमची धडपड! दुसऱ्या प्रकरणातच मी सुनेला नाव सांगून मोकळा. पण गेल्या महिन्यातली? शेवटच्या पानापर्यंत पत्ता लागला नाही. सगळे एकाच आवाजात आले आणि एकाच आवाजात गेले. आयुष्यात पहिल्यांदा रहस्यकथा ऐकली मी, ताई."

"म्हणजे तुमची तक्रार नाही?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"आहे तर! ती विनोदी कादंबरी. अहो, तुमचं वाचन ऐकून सून स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. म्हणाली, बाबा, कोण गेलं?"

"बहीण," ताई म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी तिने दोन दिवसांची रजा घेतली होती ती तापाची म्हणून. हा शब्द इथे आज पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाला होता, आणि निघाला तोही परिच्छेदाच्या मधला असावा तसा.

काकांनी सांत्वन केलं नाही. काठी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच विचारलं, "कुठल्या कादंबऱ्या आवडायच्या त्यांना?"

"अक्काने एकही वाचली नाही. मी जेवताना सांगायची, ती खोडून काढायची. मी नायिकेला मूर्ख म्हटलं की म्हणायची, तू कोण गं तिला नावं ठेवणारी? तिच्या जागी जाऊन बघ." ताई थांबली. "मग मी अजून वाईट म्हणायची. मुद्दाम."

"भांडायला माणूस लागतं," काका म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

व्यवस्थापक बाईंनी नाक पुसलं आणि कागद पुढे ओढला. विनोदी आणि प्रेमाच्या कादंबऱ्या तूर्त दुसऱ्या कुणाकडे. रहस्यकथा सगळ्या ताईकडे. "चालेल ना?"

"चालेल."

आनंद झाला नाही. तो होईल, असं तिला वाटलंही नव्हतं. ती काचेच्या खोलीत गेली, हेडफोन चढवले आणि नवं पुस्तक उघडलं. बाहेर काकांनी विनंती करून एक हेडफोन मागून घेतला आणि ते भिंतीशी बसून राहिले.

नवव्या पानावर वैद्य, भाचा आणि माळी एकामागोमाग दिवाणखान्यात आले. तिघांतला खुनी कोण, ते इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या ध्यानात आलं. तिने तिघांनाही सारखंच आत घेतलं, सारखंच बसवलं.

प्रकरण संपलं तसं काकांनी दार किलकिलं केलं. "भाचाच ना?"

"ऐकत राहा," ताई म्हणाली.

त्या दोन शब्दांतून काही कळतंय का म्हणून काकांनी कान टवकारले आणि मान हलवत ते परत जागेवर जाऊन बसले. तिने पान उलटलं.