दोनदा आलेला होकार

"आणि शेवटी एकच सांगतो," आपल्या स्वागताच्या समारंभात डॉक्टर योबे म्हणाला, "मी लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर होऊन परत आलो खरा, पण या जागेवर माझ्याआधी म्सिस्का मॅडमचा हक्क होता. केपटाऊनच्या प्रोफेसरांनीच मला सांगितलं. मॅडमची या फेलोशिपसाठी दोनदा निवड झाली होती. दोनदा! आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार कळवला. कारण दिलं घरच्या अडचणीचं. पण आपण सगळे जाणतो, मॅडमचं घर म्हणजे हा वॉर्ड. मी तर निवड कळताच पळत सुटलो होतो!"

हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. सिस्टर न्यासुलुने तर डोळ्यांना पदर लावावा तसा कमरेला गुंडाळलेल्या चितेंजे कापडाचा काठ लावला.

डॉक्टर लुसुंगु म्सिस्काच्या हातात अर्धी खाल्लेली गोड, तळलेली मंदाझी होती. ती तिने बशीत ठेवली. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे तिला कळत होतं. पण कुणा भलत्याच बाईचं कौतुक चालल्यासारखं वाटत होतं. नकार? तिने कधी नकार दिला होता?

सरोवराकाठच्या या सरकारी रुग्णालयात तिची एकोणीस वर्षं गेली होती, सगळी मुलांच्या वॉर्डात. मलेरियाच्या दिवसांत एकेका खाटेवर तीन-तीन मुलं असायची. योबे इथे शिकाऊ म्हणून आला तेव्हा तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची शीर कशी शोधायची, हे तिनेच त्याचा हात धरून शिकवलं होतं. तिने फेलोशिपसाठी पहिला अर्ज केला तो पस्तिसाव्या वर्षी. दुसरा अडतिसाव्या. दोन्ही वेळा संचालक डॉक्टर काझेम्बेंनी तिला बोलावून, पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "नाही जमलं, पोरी. त्यांना फार वरच्या दर्जाचे लोक लागतात."

मग चाळिशी उलटली आणि वयाची अट आडवी आली.

वरच्या दर्जाचे लोक. या तीन शब्दांनी तिचं काय काय नेलं होतं! मुलाखतीत आपलं इंग्रजी अडखळलं असणार, म्हणून ती कित्येक वर्षं रेडिओसमोर बसून उच्चार घोटत राहिली. नव्या मुलांसमोर काही समजावताना आधी म्हणायची, "मी काही तज्ज्ञ नाही हं, पण..." पुढे पुढे ते तोंडात बसूनच गेलं.

समारंभ संपायची वाट न बघता ती उठली.

संचालक त्यांच्या खोलीत परत आले तेव्हा ती टेबलाशी उभी होती.

"बस ना, लुसुंगु."

"कुणी लिहिला तो नकार, सर?"

त्यांनी "काय?" असं विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"योबेला बोलायला फार आवडतं," ते म्हणाले.

"माझी घरची अडचण कोणती होती, सर? नवरा नाही, मूल नाही. एक आई होती. ती माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणून, बॅग भरून बसली होती. केपटाऊनला थंडी असते म्हणून. तिला मी सांगितलं, आई, तुझी मुलगी कमी पडली. तसंच समजून ती वारली, सर."

"आवाज खाली घे."

"नाही घेणार."

बाहेर कारकुनाचा टाईपरायटर थांबला.

"तू मला सांग," संचालक पुढे झुकले, "तेव्हा वॉर्डात दुसरं कोण होतं? तू दोन वर्षं गेली असतीस, तर कुलूप लावावं लागलं असतं. त्या दोन वर्षांत किती पोरं वाचली ते मोज. आणि बाहेर गेलेले परत येतात का? लंडनला जातात, तिकडचेच होतात."

"योबे आला."

"योबेला मी सोडू शकलो, कारण मागे तू होतीस!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याच ध्यानात आलं. लुसुंगुने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"म्हणजे मी कामाची होते म्हणून मला अडवलंत. आणि सांगितलंत मात्र की मी कामाची नाही."

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"मला विचारायचं होतंत, सर. समोर बसवून म्हणायचं होतंत, लुसुंगु, तू गेलीस तर पोरं मरतील. कदाचित मीच राहिले असते. बहुतेक राहिलेच असते. पण ते ठरवायचं होतं मी! तुम्ही कोण?"

"आता काय करू? तुझं वय निघून गेलं. आता त्याचा काय उपयोग?"

"कागद घ्या. लिहा, की डॉक्टर म्सिस्कांनी कधीच नकार दिला नव्हता. दोन्ही वेळा तो मी कळवला."

"उद्या ऑफिसातून टाईप करून..."

"आत्ता. हाताने."

त्यांनी लिहिलं. दोनदा थांबले, दोनदा तिच्याकडे बघितलं. ती हलली नाही. सही झाल्यावर तिने कागद उचलला, मोठ्याने वाचून काढला, अगदी दाराबाहेरच्या कारकुनालाही ऐकू जाईल असा, आणि त्याच्याच हातात दिला. "केपटाऊनला पाठव. एक प्रत वॉर्डच्या फलकावर लाव."

दुपारी वॉर्डात योबे हृदयाच्या सोनोग्राफीचं यंत्र मांडून बसला होता. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. खाटेवर नऊ वर्षांची मुलगी धापा टाकत होती. डोंगराकडच्या गावाहून तिची आई तिला सकाळीच घेऊन आली होती.

लुसुंगु दिसताच योबे ताडकन उठला. फलकावरचा कागद त्याने वाचला होता. "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं... सगळ्यांसमोर मी..."

"ते राहू दे. सरक."

"काय?"

"स्टूल दे. मला शिकव."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मग कुठे?"

ती बसली. योबेने मुलीच्या छातीवर टेकवायची यंत्राची दांडी तिच्या हातात दिली आणि क्षणभर घुटमळून तिच्या हातावर आपला हात ठेवला. "थोडं डावीकडे, मॅडम. दाबू नका. हं... थांबा."

पडद्यावर हृदयाची झडप उघडत होती, मिटत होती. नीट मिटत नव्हती. लुसुंगु बघतच राहिली. तिचा हात किंचित सरकला आणि चित्र निसटलं.

मुलीची आई सिस्टर न्यासुलुच्या कानाशी लागली, पण तिची कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली. "ही बाई नवीन आहे का हो? अजून शिकतेय वाटतं?"

शिकाऊ डॉक्टरांनी माना खाली घातल्या. सिस्टर काहीतरी तिखट बोलणार, एवढ्यात लुसुंगुने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "हो, बाई. शिकतेय."

आणि हात स्थिर करून तिने पुन्हा ती झडप शोधायला सुरुवात केली.