बाहीच्या उंचीवरचा मावा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला, लाउस्टला, झाडांवर मावा ही कीड दिसली आणि आमच्या घरातली शांतता गेली.

नाताळची झाडं लावणाऱ्याला मावा नवा नाही. पण हा होता फक्त पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, शेजारच्या क्रेस्टेनच्या फाटकापासून थेट आमच्या अंगणापर्यंत. बाकीचं शेत हिरवंगार. लाउस्ट एकेका फांदीखाली पांढरा ट्रे धरून काठीने ठोकायचा आणि पडलेले ठिपके भिंगातून बघत बसायचा.

"वारा असा पायवाट धरून चालतो होय? क्रेस्टेनचंच काम. त्याची झाडं न विकता माजलीत, खोडं माव्यानं पांढरी झालीत. आता आमचीही विकली जाऊ नयेत, म्हणून फांद्या आणून झटकतोय."

"अरे, चाळीस वर्षांचा शेजार आहे."

"तू सगळ्यांसाठी प्रार्थना करतेस ना, म्हणून तुला सगळेच साधू दिसतात!"

पण आदल्या दिवशी क्रेस्टेन कुंपणाशी दिसला, तेव्हा आधी त्याच्या हातात काय आहे ते मी पाहिलं. पाइप होता. मग हात हलवला.

उद्या फाटक ठोकून कायमचं बंद करायचं आणि रविवारी चर्चबाहेर चारचौघांत त्याला जाब विचारायचा, असं लाउस्टने ठरवलं.

सकाळी मी नेमाप्रमाणे आईच्या थडग्याशी स्तोत्र म्हणायला गेले. वाट क्रेस्टेनच्या झाडांतून जाते. फांद्या इतक्या वाढल्यात की कोपराने बाजूला साराव्या लागतात. परत येताना आमच्या झाडांची माव्यानं वाकडी झालेली पालवी नीट पाहिली. सगळी माझ्या कोपराच्याच उंचीवर.

घरी येऊन लोकरी कोट काढला, बाही ट्रेवर धरली आणि काठीने ठोकली. ठिपके पडले. त्यातला एक चालायला लागला.

ट्रे घेऊन फाटकाशी पोचले, तोवर लाउस्टने पहिला खिळा ठोकला होता.

"ही कुठली फांदी?"

"माझी बाही."

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. तेवढ्यात पलीकडून क्रेस्टेन आला.

"काय रे, फाटक दुरुस्त करतोयस? बरं झालं, कधीचं कुरकुरतंय."

"हो," म्हणत लाउस्टने खिळा उपटला.

"नाही क्रेस्टेन," मी म्हणाले. "बंद करत होतो. तुझ्यावर संशय होता. माझाही. पण मावा माझ्या कोटावरून आला."

क्रेस्टेनने तोंडातला पाइप काढला.

"आणि मी बायकोला म्हणत होतो, ही रोज सकाळी आपल्या झाडांत शिरून काय हेरते?"