मास्क बसेना

कुंभिवलीच्या प्रवीणची मिशी काही मिरवायची मिशी नव्हती. दारात तुळस असावी तशी ती तोंडावर होती, एवढंच. नाकाच्या बुडापासून ओठापर्यंत दाट, आणि पन्नाशी उलटली तरी काळीभोर. कारखान्यात पाळ्या करता करता डोक्यावरचे केस एकेक करून निघून गेले, पण मिशीने घर सोडलं नाही. तिच्यापायी लेकीपुढे ओशाळायची वेळ येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

लेक म्हणजे मनाली. ह्याच बापाने तिच्या पाठीला रिकामा डबा बांधून तिला शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. पोरगी अशी तरबेज निघाली की आता मालवणला पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवायची नोकरी करत होती. गावात कुणी विचारलं की प्रवीण छाती फुगवून सांगायचा, पण आतून धाकधूक असायचीच. पाठीवर हवेची टाकी घेऊन आपली पोर दिवसभर पाण्याखाली असते, ती जागा आहे तरी कशी? एकदा डोळ्यांनी बघितली की जिवाला स्वस्थता मिळेल, असं त्याला वाटायचं.

दिवाळीनंतर तो मालवणला जाऊनही आला होता. पण पाण्यात उतरला की डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये खारं पाणी शिरायचं. डोळ्यांची आग, नाकात झणझण. दर वेळी तसाच वर यायचा. शेवटी मासे दुसऱ्यांनी बघितले आणि हा होडीत बसून त्यांचं वर्णन ऐकत राहिला. मनालीचा पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यात आता पावसाळ्याच्या आधी ती अंदमानला नव्या नोकरीवर निघाली होती. तिथवर बापाचं जाणं कसलं होतंय? बघायचं तर ह्याच महिन्यात.

त्याने आपल्या परीने खटपट केली. शिळफाट्याच्या बाजारातून एक चष्मा आणला आणि व्हिडिओ कॉलवर घालून दाखवला.

"बाबा, हा लहान पोरांचा पोहायचा चष्मा हाय," मनाली म्हणाली. "नाक आत पायजे. तुमी काय आता आणू नका, मीच आणते."

सुट्टीवर आली ती पिशवीभर मास्क घेऊनच. रविवारी सकाळी ओट्यावर सगळे जमले. प्रवीण, त्याची बायको छाया, आणि खांबाला टेकून बसलेले आबा. आबा म्हणजे प्रवीणचे वडील, नामा. ऐंशी पार केलेली, कान थोडे जड, बाकी खणखणीत.

मनालीने रीत समजावली. पट्टा डोक्यावर घ्यायचाच नाही. मास्क नुसता तोंडाला लावायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो आपला.

प्रवीणने पहिला लावला, श्वास ओढला, हात सोडला. मास्क मांडीवर. दुसरा लावला, तोही मांडीवर. मग त्याने पट्टा असा करकचून आवळला की गालांवर वळ उठले, आणि पाण्याच्या पिंपात तोंड घातलं. वर आला तो ठसकतच.

"आवळून काय होतंय," छाया म्हणाली. "ती काय गवताची पेंडी हाय?" आणि तिने सहज एक मास्क आपल्या तोंडाला लावला. तो पटकन चिकटला. मग सगळ्यांना हुरूप आला. आबांनीही हात पुढे केला, मास्क लावला, फुरकन श्वास ओढला. त्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर तो असा बसला की मनाली हसून हसून लोळायची बाकी राहिली.

हसता हसता तिची नजर आबांच्या तोंडावर थांबली. आबांचा वरचा ओठ सफाचट होता. तिने बापाकडे बघितलं, छायाने बघितलं. मिशीच्या केसांतूनच मास्कमध्ये हवा आणि पाणी शिरत होतं.

बाप जिता असताना मुलाने मिशी काढायची नाही. काढायची ती बाप गेल्यावर, नदीकाठी, न्हाव्यासमोर बसून. आबांनी आपल्या बापाच्या वेळी काढली ती परत ठेवली नाही. असल्या घरात आबांच्या देखत मिशीची गोष्ट काढायची कुणी?

स्वयंपाकघरात कुजबुज झाली. वरचीच कड काढली तर, असं छायाने सुचवलं.

"वस्तरा लागला म्हंजे लागला," प्रवीण म्हणाला. "आबांच्या जिवाला लागंल असं मला काय करायचं नाय. र्‍हाऊ दे. मला आपली विहीर बरी." लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तो हसला, आणि ते हसू किती खोटं आहे हे तिला कळलं. तिने मास्क पुसून पिशवीत भरायला घेतले.

इतक्यात ओट्यावरून हाक आली. "प्रवीण, हिकडं ये रं. पाटावर बस."

आबांनी दाढीचं सामान मांडलं होतं. वाटीत पाणी, फेसाळलेला ब्रश, कात्री, वस्तरा. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ओळखलं होतं. कुजबुज ऐकायची त्यांना गरजच पडली नव्हती.

छाया घाबरली. "आबा, अभद्र काय करताव? लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतील ते म्हणू दे," आबा म्हणाले. "मी मेल्यावर न्हावी काढणारच हाय. पन ते तोंड मला कुठं दिसणार? मिसरूड फुटल्यापासनं पोराचा ओठ बघितला नाय मी. डोळं हायेत तवर बघू दे की."

प्रवीण पाटावर बसला. आबांचा हात थोडा थरथरत होता, म्हणून मनालीने खालून कोपर धरलं. आधी कात्री चालली, मग वस्तरा. काळे केस मांडीवरच्या पंच्यावर पडत गेले. शेवटी आबांनी ओल्या फडक्याने तोंड पुसलं आणि हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ ते बघत राहिले.

"तुज्या आयचा ओठ हाय," ते म्हणाले. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. प्रवीणचे डोळे भरून आले.

मनालीने मास्क पुढे केला. प्रवीणने लावला, श्वास ओढला, हात सोडला. मास्क जागचा हलला नाही. पिंपात तोंड घालून वर आला तरी आत थेंब नव्हता. लेकीने ओल्या तोंडाच्या बापाला मिठी मारली.

तेवढ्यात रस्त्याने शेजारचा नागू मोटारसायकलवरून चालला होता. प्रवीणचा कोरा ओठ दिसताच त्याने गाडी थांबवली, टोपी काढली आणि तोंड पाडून अंगणात आला. "कवा झालं रं? आमाला सांगायचं तरी," म्हणत त्याने प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाय मी, नागू," खांबाआडून आबा म्हणाले. "बस, चा पिऊन जा."

नागूला घाम फुटला आणि छायाला हसू आवरेना. आबांनी वस्तरा धुऊन डबीत ठेवला आणि मुलाकडे वळले.

"समुद्र बघून आलास का मिशी परत ठेव. सावकाश वाढू दे. मला काय घाई नाय."